वहिनींचे दोन ठोके

जगात जेवढे म्हणून खुरांचे प्राणी आहेत त्यांतल्या बहुतेकांशी उस्तादांची चांगली ओळख होती; तोंडओळख मात्र एकाशीही नव्हती.

बोकड, मेंढा, रेडा, उंट, डुक्कर, सांबर, बर्फाळ मुलखातलं ते झाडासारख्या शिंगांचं हरीण, आणि एकदा तर जहाजावरच्या एका इंजिनिअरच्या हट्टापायी घोडा, असे सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. कुणाचा पाय किती तास घेतो, कुणाच्या नळीतून रस केव्हा सुटतो, कुणाला आंबट लागतं आणि कुणाला नुसतं पाणी आणि एकांत लागतो, सगळं त्यांना पाठ. पण सव्वीस वर्षांत त्यांनी त्यातला एक घासही खाल्ला नव्हता.

कारण मोठं नव्हतं. मोठं असतं तर त्यांनी ते मिरवलं असतं आणि लोकांनी त्यांना हार घातले असते. लहानपणी एकदा तोंडात घातलेला तुकडा गिळला गेला नाही. तो गालात धरून ते शाळेत गेले, दोन तास गप्प बसल्याबद्दल मास्तरांची शाबासकी मिळवली आणि मधल्या सुट्टीत तुकडा टाकून दिला. पुन्हा कधी प्रयत्न केला नाही. संपली गोष्ट.

मग असा माणूस मांसाच्या भटारखान्यात शिरला कसा? तर बरेच जण बऱ्याच ठिकाणी शिरतात तसा: जागा रिकामी होती आणि थोरला भाऊ आत होता. बंदराजवळ कंपनीचं चार मजली अतिथिगृह होतं. जहाजांची यंत्रं दुरुस्त करायला देशोदेशीचे लोक येत, महिना महिना राहत, आणि आठव्या दिवसापासून त्यांना आपापल्या घरच्या जेवणाची आठवण येई. थोरला भाऊ तिथला मुख्य आचारी. धाकटा खात नाही हे कळल्यावर तो हसला आणि म्हणाला, "बरंच आहे. चाखणाऱ्याचं सगळं लक्ष जिभेकडे. तू कान दे."

उस्तादांनी कान दिला. पातेल्यातली रटरट मऊ होऊन तिची बुडबुड झाली की आंच कमी. हाड बोटांनी फिरवलं तर पडायला आलेल्या दातासारखं हललं पाहिजे, पण हातात येता कामा नये. मांसाचा धागा कुठल्या दिशेला जातो ते बघून सुरी आडवी चालवायची, म्हणजे म्हाताऱ्या रेड्यालाही आपलं वय आठवत नाही. शिजलेल्या रश्श्याची पळी कच्च्या रश्श्याच्या पळीपेक्षा मनगटाला जड लागते. हे सगळं जिभेशिवाय जमतं.

अडतं फक्त मिठाशी. मिठाला ना कान कामाचा, ना बोट.

भाऊ होता तोवर तो चाखायचा. भाऊ गेला, उस्तादांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली, आणि मसाले निवडायला म्हणून वहिनी भटारखान्यात आल्या. तेव्हा दोघांनी मिळून एक पद्धत पाडली. उस्ताद काट्यावर मोजून मिठाचे चार भाग करायचे. तीन पातेल्यात, चौथा वाटीत राखून. मग वहिनी येणार, पळीभर रस्सा बशीत घेणार, भिंतीकडे तोंड करून चाखणार, आणि पळीने पातेल्याच्या काठावर ठोका देणार. एक ठोका म्हणजे वाटीतलं घाला. दोन म्हणजे बरोबर, हात आवरा. तीन म्हणजे खारट झालं, बटाटे सोला. बोलायचं नाही, कारण भिंतींना कान असतात आणि तिथल्या वाढप्याला चार होते.

बहुतेक वेळा आधी एक ठोका पडे, वाटी रिकामी होई, आणि मग दोन पडत. पण गेले आठ महिने पहिल्याच फेरीला दोन ठोके पडत होते आणि वाटीतलं मीठ जसंच्या तसं बरणीत परत जात होतं. उस्तादांना वाटे, हात बसला. सव्वीस वर्षांनी का होईना, बसला. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त टोपी जरा तिरकी घालायला लागले.

याच आठ महिन्यांत एक बारीकशी गोष्ट घडत होती, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि कुणाचंच नव्हतं. टेबलावरच्या मीठदाण्या लवकर रिकाम्या व्हायला लागल्या होत्या.

"उस्ताद, पूर्वी आठवड्यातून एकदा भरायचो," वाढपी म्हणाला. "आता रोज भरतोय. माणसं मीठ खिशात घालून नेतात की काय?"

"नेत असतील. जहाजावरची माणसं. सवयीचं झालं असेल."

"समुद्रात राहून मीठ चोरायचं? मग घरी गेल्यावर पाणी चोरतील."

गोष्ट व्यवस्थापकांपर्यंत गेली. व्यवस्थापक वयाने लहान आणि खुर्चीने मोठे होते. भटारखान्यात ते दिवसातून एकदा येत आणि दारातूनच वास घेऊन "उत्तम" म्हणत. त्यांनी मिठाच्या प्रश्नाचा अभ्यास केला, एक तक्ता काढला, आणि निष्कर्ष असा निघाला की मीठदाण्या लहान आहेत. मग मोठ्या मीठदाण्या आल्या, एकेक गुलाबदाणीएवढी. त्याही रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा भिंतीवर पाटी लागली: "मीठ जपून वापरा. आरोग्य हीच संपत्ती." पाहुणे पाटी वाचत आणि वाचता वाचता मीठ घेत.

हे असंच चाललं असतं. पण एका सोमवारी व्यवस्थापक वास न घेताच आत आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

"उस्ताद, वरून पत्र आलंय. सगळ्या अतिथिगृहांचे भटारखाने बंद करायचे म्हणतात. जेवण कारखान्यातून येईल, गोठवलेलं, पाकिटात. आपण फक्त गरम करायचं."

"गरम कोण करणार?"

"यंत्र करेल."

"आणि आम्ही?"

व्यवस्थापकांनी या प्रश्नाचा तक्ता काढलेला नव्हता. ते म्हणाले, "एक वाट आहे. एक बाई येणार आहेत तपासायला. साठ देश फिरल्यात, आयुष्यभर हेच केलंय, कुठे कोण खुराचं मांस कसं शिजवतो ते खाऊन बघायचं. त्या म्हणाल्या ठेवा, तर आपला भटारखाना राहणार. त्यांनी तीन पातेली मागितलीत: एक डोंगरातलं जनावर, एक वाळवंटातलं, एक शेतातलं. गुरुवारी दुपारी."

"मेंढा, उंट, रेडा," उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. हात बसलेला होता ना.

त्या संध्याकाळी घरी उस्तादांच्या बायकोने उस्तादांना आणि वहिनींना चहा दिला. उस्तादांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "साखर विसरलीस."

"अग्गंबाई! जाऊबाई, तुम्ही तर अर्धा कप संपवलात, बोलला नाहीत ते!"

वहिनी म्हणाल्या, "छान झालाय की."

"बिनसाखरेचा?"

"आता वय झालं. कमीच बरी." आणि त्या उरलेला चहा घाईघाईने पिऊन कप विसळायला उठल्या. मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "भावोजी, गुरुवारी मीठ तुम्हीच पुरतं घाला. चारही भाग."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी बघेन."

"वहिनी, तुमच्या दोन ठोक्यांवर तर तो भटारखाना उभा आहे. मी कोण मीठ ठरवणारा? मी तर नुसता शिजवतो."

वहिनींनी कप तिसऱ्यांदा विसळला. उस्तादांना वाटलं, किती हा विनय! बायकोला वाटलं, कपाला चीर गेली असावी.

गुरुवारी सहा वाजताच शेगड्या पेटल्या. रेड्याचं शेपूट आधी चढवलं, कारण त्याला वेळ हवा असतो. उस्तादांनी ते सांध्यांवर कापलं. हाडावर सुरी चालवणाऱ्याला ते आचारी म्हणत नसत, सुतार म्हणत. तुकडे कोरड्या पातेल्यात चारी बाजूंनी तांबूस करून घेतले, गार पाणी घातलं, वर आलेला फेस धीराने काढला, आणि "आता तुझं तू बघ" म्हणून झाकण अर्धं सरकवलं. उंटाचं मांस बंदरावरच्या शीतगृहातून आलं होतं. त्याचे आडवे पातळ काप केले, पाठीवरच्या मदारीची चरबी तळाला वितळवली, त्यावर कांदे, कांद्यावर काप, कापांवर सुकवलेली आंबट फळं. मेंढ्याची मागची मांडी मात्र आख्खी. तिला लसूण टोचला, जाड बुडाच्या भांड्यात निजवली, झाकणाच्या कडेला कणकेची दोरी लावून तोंड बंद केलं आणि वर चार निखारे ठेवले. मांडीचं मीठ आधीच लागतं, म्हणून ते उस्तादांनी थोड्या पाण्यात विरघळवून चोळलं, तीन भाग. चौथा भाग बाजूला, तळाशी उतरलेल्या रसासाठी.

बाराला दहा कमी असताना कणीक फोडली. वाफेचा लोट वर गेला आणि वाढपी दारातच थांबला. "उस्ताद, या वासानेच मी जेवलो असं लिहून देतो."

"तू कशाला लिहितोस? तू ताटं पूस."

वहिनी आल्या. बशी घेतली, भिंतीकडे तोंड केलं. शेपटाच्या पातेल्यावर दोन ठोके. उंटाच्या पातेल्यावर, बऱ्याच वेळाने, दोन ठोके. मेंढ्याच्या भांड्यापाशी त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की उस्तादांनी मान वर केली. मग दोन ठोके. तिन्ही वाट्या भरलेल्याच राहिल्या. उस्तादांनी टोपी आणखी जरा तिरकी केली.

पाहुण्या बाई सत्तरीच्या होत्या, ठेंगण्या, पायांत मळखाऊ बूट. पिशवीतून त्यांनी स्वतःचा चमचा काढला. त्याची कड इतकी झिजली होती की साठ देश फिरल्याचा दाखला वेगळा मागायची गरज नव्हती. त्या जेवणाच्या दालनात गेल्याच नाहीत. सरळ भटारखान्यात आल्या आणि भाजी चिरायच्या टेबलाशी स्टूल ओढून बसल्या. व्यवस्थापकांनी तीन ओळींचं स्वागत पाठ केलं होतं, ते त्यांनी उभ्या उभ्या बाईंच्या पाठीला म्हणून दाखवलं.

बाईंनी तिन्ही झाकणं उचलून बघितली. हाड फिरवलं. ते हललं, निघालं नाही. बाईंची डावी भुवई जराशी वर गेली. मग त्यांनी चमचा भरला आणि उस्तादांपुढे धरला.

"घ्या."

"आधी पाहुण्यांनी," उस्ताद म्हणाले.

"छे. माझा एकच नियम आहे. पहिला घास आचाऱ्याचा. जो स्वतःच्या हातचं खात नाही, त्याच्या हातचं मी खात नाही. एकदा एका गावात हा नियम मोडला, तर पंधरा दिवस त्याच गावात राहावं लागलं."

व्यवस्थापक कौतुकाने हसले. "घ्या उस्ताद, घ्या! लाजता काय, नव्या नवरीसारखं!"

उस्तादांनी चमचा घेतला. तो त्यांनी तोंडाजवळ नेला. सव्वीस वर्षं ज्याचा आवाज ऐकला, वजन ओळखलं, तो रस्सा नाकाखाली होता, आणि गालात तो शाळेतला तुकडा पुन्हा येऊन बसल्यासारखं झालं. एक घास तर होता. गिळला की भटारखाना राहत होता. त्यांनी डोळे मिटले. उघडले. चमचा खाली आला.

"बाई, मी खात नाही."

"आज उपास आहे?"

"सव्वीस वर्षं आहे. त्याआधीचीही धरा. मी हे कधीच खाल्लेलं नाही."

वाढप्याच्या हातातलं ताट खाली पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं. व्यवस्थापकांच्या चेहऱ्याचा रंग पिठल्यात पाणी जास्त झाल्यासारखा झाला. ते म्हणाले, "उस्ताद, पण मी रोज उत्तम म्हणत होतो!"

"त्याबद्दल आभारी आहे, साहेब."

बाई मात्र उठून गेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग हाड असं हललं पाहिजे हे कसं कळतं?"

"हाताला."

"आणि आंच कधी उतरवायची?"

"ऐकू येतं."

"मीठ?"

उस्ताद पहिल्यांदा अडले. मग म्हणाले, "मीठ वहिनींना कळतं. माझ्या थोरल्या भावाच्या मंडळी. चाखतात त्या. आजही त्यांनीच चाखलंय. त्यांची जीभ म्हणजे सोनाराचा काटा आहे, बाई. घास त्यांना द्या, तुमचा नियमही मोडणार नाही."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मसाल्याच्या डब्यांपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पळी होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"भावोजी, मला चव लागत नाही."

"आज?"

"आठ महिने झाले. तो ताप आला होता ना, त्यानंतर. साखर नाही, मीठ नाही, वाससुद्धा नाही. तोंडात लाकडाचा भुसा घातल्यासारखं."

"आणि ठोके?"

"अंदाजाने देत होते."

"वहिनी! सांगायचं नाही का?"

"पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. वाटलं, उद्या येईल चव. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर पहिल्या दिवसाचं काय सांगितलं असतं?" त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "आणि चव नाही म्हटल्यावर मला इथे कोण ठेवणार? घरी बसून काय करू, भिंती मोजू? ते गेल्यापासून मी इथेच तर आहे."

उस्तादांनी टोपी काढली. तिरकी घालण्याजोगं आता काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात वाढपी ओरडला, "मीठदाण्या!"

"काय?" व्यवस्थापक दचकले.

"साहेब, मीठदाण्या! आठ महिने! लोक मीठ नेत नव्हते, खात होते!"

व्यवस्थापकांनी भिंतीवरच्या आपल्या पाटीकडे पाहिलं आणि नजर हळूच दुसऱ्या भिंतीकडे नेली.

बाईंनी आपला चमचा परत घेतला. साठ देशांचा नियम त्यांनी पिशवीत ठेवला असावा, कारण त्या खायला लागल्या. शेपूट खाल्लं, उंट खाल्ला, मेंढ्याच्या मांडीपाशी दोनदा आल्या. मग त्या म्हणाल्या, "मीठ द्या."

वाढप्याने गुलाबदाणी आणून ठेवली. बाईंनी तिच्याकडे एकदा, व्यवस्थापकांकडे एकदा पाहिलं आणि तिन्ही ताटल्यांत चिमूट चिमूट टाकली. पुन्हा खाल्लं.

"तिन्हींत कमी होतं," त्या म्हणाल्या, "आणि तिन्हींत सारखंच कमी होतं."

"चौथा भाग," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी तिन्ही वाट्या पुढे ठेवल्या.

बाई वाट्यांकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. हसताना त्यांचं ठेंगणं अंग स्टुलासकट हलत होतं. "साठ देशांत मी चुकणारे आचारी पाहिले," त्या म्हणाल्या. "मोजून चुकणारा पहिलाच. मांडी कुणी शिकवली?"

"भावाने."

"आणि तो काय बघून सांगायचा?"

"तो चाखायचा. मला म्हणाला, तू कान दे."

बाईंनी मांडीचा उरलेला रस ताटलीतून पुसून घेतला. "पाकिटाला कान नसतो," एवढंच म्हणाल्या. मग व्यवस्थापकांना कागद मागितला आणि तिथेच, कांद्याच्या सालींमध्ये, चार ओळी लिहिल्या. भटारखाना ठेवावा. आचारी ठेवावा. मसाले निवडणाऱ्या बाई ठेवाव्यात. ज्याची जीभ शाबूत आहे असा एक माणूस नेमावा आणि प्रत्येक पातेल्याची जबाबदारी त्याच्यावर टाकावी.

कंपनीने तीन ओळी मान्य केल्या. चौथीसाठी नवी जागा भरायला वेळ लागतो, म्हणून तात्पुरती जबाबदारी व्यवस्थापकांवर आली. तात्पुरत्या गोष्टी फार टिकतात. व्यवस्थापक आता दारातून वास घेत नाहीत. रोज बारा वाजता आत येतात, बाहीला रस्सा लागणार नाही अशा बेताने चाखतात आणि काठावर ठोका देतात. सुरुवातीला ते उत्साहाच्या भरात पाच पाच ठोके द्यायचे. वहिनींनी त्यांना शिकवलं. पाटी उतरली, मीठदाण्या पुन्हा लहान आल्या आणि व्यवस्थापकांचे कमरेचे पट्टे मोठे झाले.

वहिनी मसाले निवडत होत्या. चाखायला त्यांना कुणी सांगत नव्हतं आणि त्या काठाशी येत नव्हत्या.

पाचव्या महिन्यात एका दुपारी सांबराचं पातेलं उतरत होतं. व्यवस्थापकांनी चाखलं, डोळे मिटून विचार केला आणि दोन ठोके दिले. "बरोबर," असंही म्हणाले, कारण बोलायचं नाही हा नियम त्यांना कधीच जमला नाही. ते हात धुवायला वळले. उस्ताद वाटीतलं मीठ बरणीत परत टाकायला निघाले.

मागे पातेल्याच्या काठावर एक ठोका पडला. एकच.

उस्ताद थांबले. वहिनी पातेल्यापाशी बशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"वहिनी?"

त्यांनी मान वळवली नाही. पळीने पुन्हा एक ठोका दिला, आता जरा जोरात, दिराला ऐकू येत नाही की काय अशा थाटात.

उस्तादांनी व्यवस्थापकांच्या पाठीकडे पाहिलं, नळाचा आवाज ऐकला, आणि वाटी पातेल्यात उलटी केली.

त्या दिवशी वाढप्याने सगळ्या मीठदाण्या भरलेल्याच परत आणल्या.